मागची लिफ्ट आणि चांगले मालक

आज सकाळी आमच्या स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस पडली. घरकामाच्या बाया, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाली पोरं यांनी उद्यापासून फक्त मागची लिफ्ट वापरायची, समोरच्या लिफ्टमध्ये कोणी दिसलं तर ज्या फ्लॅटमध्ये आले त्या फ्लॅटला दंड. खाली धडाधड अंगठे. एका काकांनी तर गुलाबाची फुलं टाकली, आता यात साजरं काय करून राहिले होते ते त्यांनाच माहीत.

मी फक्त "काहून?" इतकंच टाकलं. झालं. "मॅडम तुम्ही उगाच इश्यू करून राहिल्या", "हायजीनचा प्रश्न आहे", "उन्हाळ्यात वास येतो हो" (नागपूरच्या मे महिन्यात कोणाला येत नाही बाप्पा, तुम्ही काय चंदन आहात?) आणि मग तो मेसेज, ज्याच्यामुळे ऑफिसात माझं दिवसभर व्हाउचरमध्ये लक्ष लागलं नाही: "आपण पगार वेळेवर देतो, दिवाळीला बोनस देतो, कोरोनात घरी बसवून पैसे दिले, आणखी काय द्यायचं?"

आणखी काय द्यायचं. म्हणजे देण्याघेण्याचा हिशोब चुकता झाला की विषय संपला.

तुम्हाला माहीतच आहे मी एम.ए. फिलॉसॉफी करून अकाउंट्समध्ये बसलेली बाई आहे, त्या डिग्रीचा उपयोग रात्री जेवणं झाल्यावर असाच फेसबुकवर होतो, तर ऐका. हाच घोळ तिकडच्या मोठ्या मोठ्या प्रोफेसर लोकांनीही घातला होता. १९८१ मध्ये रोनाल्ड ड्वॉर्किन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं समतेवर दोन मोठे लेख लिहिले आणि पुढची बरीच वर्षं या लोकांचा वाद एकाच गोष्टीवर चालला, की सगळ्यांना सारखं वाटून द्यायचं ते नेमकं काय? पैसा, संधी, की सुख? नशिबानं ज्याला कमी मिळालं त्याला भरपाई किती द्यायची? म्हणजे समता हे एक खातं आहे, डेबिट क्रेडिट टॅली केलं की झालं. मग १९९९ मध्ये एलिझाबेथ अँडरसन नावाच्या बाईनं एक लेख लिहिला, समतेचा मुद्दा तरी काय आहे असं सरळ विचारणारा, आणि या सगळ्यांची अशी काही धुलाई केली की वाचताना मी एकटी हसत होते. त्यात ती एक काल्पनिक सरकारी समता मंडळ उभं करते. ते मंडळ लोकांना भरपाईच्या चेकसोबत पत्रं पाठवते, की बाबांनो, तुम्ही दिसायला इतके वाईट आहात की तुमच्याशी मैत्री करायला कोणी तयार नाही, याचं आम्हाला फार दुःख आहे, सोबत चेक जोडला आहे. आता सांगा, चेक कितीही मोठा असला तरी ते पत्र हातात घेणाऱ्याला काय वाटेल? तिचं म्हणणं साधं आहे. समता म्हणजे सगळ्यांचे खिसे सारखे करणं नाही, कोणाला कोणापुढे वाकावं लागू नये अशी माणसांची एकमेकांशी वागणूक असणं.

आमच्या ग्रुपवरचा बोनसवाला मेसेज म्हणजे त्या मंडळाचंच पत्र आहे. चेक सोबत जोडला आहे.

आता माझ्या बाबांचं सांगते. बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेब खरंच चांगले होते, हे आधीच लिहून ठेवते नाहीतर आमची ताई मला सोडणार नाही. आवाज चढवायचे नाहीत, पगार एक तारखेला, आणि माझ्या कॉलेजची फी त्यांनीच भरली. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे साहेबांचा फोन यायचा. बाबा जेवत असले तरी हात धुऊन, बनियनवर शर्ट चढवून, वरचं बटण लावून मग जायचे आणि उभं राहून बोलायचे. काकू खुर्ची सरकवायच्या, बाबा कधी बसले नाहीत. अहो, फोनवर कोण पाहून राहिलं? पण बटण लावल्याशिवाय त्यांना रिसीव्हर उचलताच यायचा नाही.

आणि रात्री घरी आले की आईचा पहिला प्रश्न: आज मूड कसा होता? साहेबांचा. बाबा गाडीच्या आरशात पाहून सकाळीच ओळखायचे, आज बोलायचं की गप्प राहायचं, सुटी मागायची की पुढच्या हप्त्यात मागायची. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्यांवर आमच्या घरचा कार्यक्रम ठरायचा. मामाच्या लग्नाला आम्ही बाबांशिवाय गेलो. साहेब नाही म्हणाले म्हणून नव्हे हं, बाबांनी विचारलंच नाही. आठ्या होत्या त्या हप्त्यात.

क्वेंटिन स्किनर म्हणून एक इंग्रज इतिहासकार आहेत, राजकीय विचारांचा इतिहास लिहिणारे. त्यांचं १९९८ चं छोटं पुस्तक मी एम.ए. झाल्यावर कधीतरी वाचलं आणि आता २०२५ मध्ये त्यांनी त्याच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. ते जुन्या रोमन कायद्यापासून सुरू करतात. गुलाम कोण? ज्याला फटके पडतात तो नाही. जो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो तो. मालक देवमाणूस असेल, वर्षानुवर्षं गावाला गेलेला असेल, गुलामाला दिवसभर कोणी अडवत नसेल, तरी तो गुलामच, कारण मर्जी फिरली तर त्याच्या हातात काही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजाशी भांडणारे लोक हेच बोलत होते, की राजा चांगला आहे की वाईट हा प्रश्नच नाही. त्याच काळातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज वगैरे मंडळी त्याच्या उलट म्हणाली, कोणी अडवत नाही ना, मग तू मोकळा. आणि स्किनरच्या मते अठराव्या शतकाच्या शेवटी, अमेरिका आणि फ्रान्समधल्या क्रांत्यांना घाबरलेल्या लोकांनी हा दुसरा अर्थ असा काही चालवला की पहिला लोक विसरूनच गेले. मेरी अ‍ॅस्टेल नावाच्या बाईनं १७०६ मध्येच विचारून ठेवलंय, सगळे पुरुष जन्मतः मोकळे तर सगळ्या बायका जन्मतः गुलाम कशा? तिला उत्तर कोणी दिलं नाही. आमच्या ग्रुपवर माझ्या "काहून?"लाही कोणी दिलं नाही, फुलं दिली.

बाबांना साहेबांनी कधी अडवलं नाही. हॉब्जच्या हिशोबानं बाबा एकदम मोकळे.

काही लोक म्हणतील हे सगळं फॉरेनचं ज्ञान आम्हाला काहून सांगून राहिली. बरोबर आहे, कारण आपल्याकडे हे आधीच सांगून झालंय आणि या शहरात राहून आपल्याला ते दिसत नाही याचाच तर संताप आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं, मंडळ घाबरलं, भाषण रद्द झालं, त्यांनी ते स्वतःच्या पैशानं छापलं. त्यात हेच आहे, की लोकशाही म्हणजे नुसती सरकार चालवायची पद्धत नाही, सोबत जगायची पद्धत आहे, समोरच्याबद्दल मनात आदर असायला पाहिजे. ही मांडणी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्रोफेसर जॉन ड्युई यांच्याकडून आली हे तर झालंच, पण स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन अभ्यासकाचं २०२३ चं पुस्तक दाखवते की बाबासाहेबांनी ती कॉपी नाही केली, मोडून आपल्या कामाची बनवली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरच्या रंगाच्या हातापेक्षा खोल जाणार नाही. आमच्या स्कीमला नुकताच रंग मारलाय, वेदरप्रूफवाला. वर्गणी सगळ्यांनी दिली.

आणि नागपूरचंच ऐका ना. १९३७ मध्ये इथे अखिल भारतीय महिला परिषद भरली होती. शिकलेल्या, सुधारक, बायकांच्या हक्कांवर भाषणं देणाऱ्या बाया. त्यात जाईबाई चौधरी होत्या, हमाली करून वर आलेल्या, मुलींसाठी चोखामेळा शाळा काढलेल्या. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं. जेवायला दिलं नाही असं नाही, दिलं! आणखी काय द्यायचं, नाही का? त्याचा निषेध झाला आणि पुढे २० जुलै १९४२ ला याच शहरात दलित महिलांनी स्वतःची परिषद भरवली, बाबासाहेब तिथे बोलले. हे सगळं उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी जुन्या बायांना शोधून, भेटून १९८९ मध्ये लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. माझ्या एम.ए.च्या वेळी रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा अख्खा पेपर होता आणि बाबासाहेब "भारतीय विचारवंत" नावाच्या एका युनिटमध्ये, तेही परीक्षेला ऑप्शनला टाकता येईल असे. जाईबाईंचं नाव तर कोणी घेतलंच नाही. मला आजही त्याचा राग येतो.

बरं, मागची लिफ्ट कचऱ्याला, सोफे-फ्रिज चढवायला, ओल्या बादल्यांना लागते हे मान्य. वस्तूंसाठी ठेवा की. आणि पगार वेळेवर देणं छोटी गोष्ट नाही हेही मान्य, न देणारे या शहरात काय कमी आहेत. साहेबांनी फी भरली नसती तर मी आज ही नावं फेकत बसले नसते, हेही मान्य, चला. त्या उपकाराचं ओझं वाटतं का? वाटतं. साहेब गेले तेव्हा बाबा ढसाढसा रडले, ते रडणं खरं होतं. म्हणूनच तर मला चांगल्या मालकांचा मुद्दा जास्त छळतो, वाईट मालकावर नुसतं चिडता तरी येतं.

संध्याकाळी आमच्याकडच्या मावशींना मी तावातावानं नोटिशीचं सांगितलं. त्या भांडी घासत शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या ना ताई, मागच्या लिफ्टमध्ये आम्ही बाया मस्त गोष्टी करतो, समोरच्यात तोंड शिवून उभं राहा लागते." मी गप्पच बसले. फिलिप पेटिट नावाच्या तत्त्वज्ञाची एक कसोटी आहे, की समोरच्याच्या नजरेला नजर देऊन, न भिता, खुशामत न करता बोलता आलं पाहिजे. मावशींनी ती एका वाक्यात आमच्या दोन्ही लिफ्टला लावून टाकली. आणि मग म्हणाल्या, "पण दंड तुम्हाला पडला तर आमच्या पगारातून कापाल का?" मी म्हटलं नाही हो, कसं काय! पण विचारताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं ना, ते पाहणं मला ओळखीचं आहे. आरशातलं.

तर सेक्रेटरी साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात आणि हे वाचून राहिले हे मला माहीत आहे. ती नोटीस मीटिंग न घेता काढली आहे. रविवारी मीटिंग बोलवा, मावशींना आणि ड्रायव्हर लोकांनाही बोलवा, आणि त्यांना उभं ठेवू नका, खुर्च्या कमी पडल्या तर माझ्या घरच्या आणते. ठराव पास झाला तरी माझ्या फ्लॅटचा दंड मी भरणार नाही, काय करायचं ते करा.

बाकीच्यांना अँडरसनचा लेख वाचायचा असेल तर इनबॉक्स करा, पीडीएफ आहे. गुड मॉर्निंगवाल्यांनी करू नये.