बोथाटी विसरलास का दादा?

कोल्हापुरातून आप्पादादाचा मेसेज आलाय आणि दोन दिवस तो डोक्यातून जातच नाहीये. मी फॅमिली ग्रुपवर माझ्या नव्या क्रॉसबोचा (खटका दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) फोटो टाकला, तर म्हणतो, "रबर लावलेलं हत्यार म्हणजे खेळणं. आपली पोरं खऱ्या पट्ट्यानं माणसाच्या पोटावरचं लिंबू कापतात."

दादा, लिंबू हलत नाही. पेन्सिकला, म्हणजे इथे अमेरिकेत दरवर्षी मध्ययुगीन लढायांचा खेळ भरतो त्या मेळ्यात, माझ्या अंगावर शेकडो माणसं धावून येतात, त्यांना मी खरोखर नेम धरून मारतो आणि संध्याकाळी त्यांच्याच कॅम्पात जेवायला बसतो. त्यासाठी तीन महिने गॅरेजमध्ये घातलेत. तिथे क्रॉसबोच्या जोराची मर्यादा 600 इंच-पाउंड, म्हणजे ताण गुणिले दोरी जेवढे इंच धावते ते. माझी 10 इंच धावते, म्हणून ताण 60 पाउंडच. जुन्या पोलादी क्रॉसबोचा ताण शेकडो पाउंड असायचा, चरखी फिरवून ओढायचे, पण पोलाद तडकलं तर तुकडा आपल्याच तोंडावर येतो, म्हणून मी फायबरग्लासचं धनुष्य घेतलं आणि वर टेप गुंडाळली. बाणाचं रबरी टोक सव्वा इंच रुंद, कारण हेल्मेटच्या गजांमधली फट त्याहून कमी असते. मागच्या टोकालाही तसंच जाड बूच, म्हणजे बाण उलटा फिरून आला तरी डोळा वाचतो. पडलेला बाण तपासल्याशिवाय परत मारायचा नाही. कुणी 'होल्ड' ओरडलं की अख्खं मैदान जागच्या जागी थांबतं. आपल्या मिरवणुकीत गर्दीत नंग्या तलवारी फिरतात तेव्हा कोण थांबतं?

आणि बोथाटी? भाल्याच्या टोकाला कापडाचा गोळा, तो रंगात बुडवायचा, लागला की अंगावर डाग. नावातच बोथट आहे! खऱ्या लढाया करणाऱ्यांनी सरावाला टोक बोथट केलं, त्यांना कुणी खेळणं म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर मला पट्टा येत नाही. आठवीत असताना तालमीत एका पोराचं मनगट कापलं, आईनं माझं जाणं बंद केलं. 2024 ला दांडपट्टा राज्यशस्त्र झाला तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना लाज वाटत होती. इथे मैदानात मी इटलीतल्या जिनोव्हाचा भाडोत्री क्रॉसबोवाला असतो, 1346 ला क्रेसीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध फ्रान्सच्या राजासाठी लढले ना, त्यांच्यातला. वेष निवडायची वेळ आली तेव्हा घर सोडून दुसऱ्याच्या राजासाठी लढणारी ती माणसंच मला जवळची वाटली.

डिसेंबरमध्ये येतोय दादा. तालमीत बोथाटी असेल तर काढून ठेव, मला शिकायचीय, सहावी-सातवीच्या पोरांच्या रांगेत उभं राहावं लागलं तरी चालेल.