पट्टम्माळ ऐकताना हात रिकामा ठेवू नका

कर्नाटक संगीतातल्या गायिका डी. के. पट्टम्माळ यांचं गाणं नुसतं कानांनी ऐकलं तर निम्मंच हाती लागतं. आपल्याकडची बरीच रसिक मंडळी दोन-चार मिनिटं ऐकतात, "आवाज जाडा आहे, हरकती फारशा नाहीत" म्हणतात आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींकडे वळतात. एम. एस. मोठ्याच, त्याबद्दल वाद नाही. पण पट्टम्माळ यांची खरी करामत लयीत आहे आणि ती कळायला उजवा हात मांडीवर हवा.

म्हणून आधी तालाचं बघू. आदिताल आठ अक्षरांचा (तालातलं अक्षर म्हणजे आपली मात्रा). एक टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधलं बोट एकेक करून मांडीवर टेकवायचं, झाली चार. पुढे टाळी आणि उताणा हात, पुन्हा टाळी आणि उताणा हात. झाली आठ. पल्लवी, म्हणजे एकाच ओळीवर रचलेला विस्तार (तिच्याबद्दल पुढे येतंच), बहुधा यापेक्षा संथ असते. तिथे हीच प्रत्येक क्रिया दोनदा करायची, म्हणजे एका आवर्तनात सोळा. सुरुवातीला बोटं चुकतात, टाळी मात्र चुकू देऊ नका. आणि कर्नाटकी रूपक म्हणजे आपला सात मात्रांचा रूपक नव्हे. तो सहा अक्षरांचा, दोन अधिक चार. सातचं चलन हवं असेल तर मिश्र चापू, तीन अधिक चार.

आता पल्लवी. एकच ओळ, शक्यतो एका आवर्तनात बसणारी. तिचे दोन भाग आणि मध्ये एक ठरलेला विसावा, त्याला अरुदी म्हणतात. ओळ जिथून उचलायची ती जागा म्हणजे एडुप्पु. ही जागा समेवरच असते असं नाही, बऱ्याचदा ती समेनंतर अर्ध्या अक्षरावर असते. आधी रागाचा आलाप, मग तानम (तालाशिवाय पण ठोक्याच्या अंगाने जाणारं, ध्रुपदातल्या नोमतोमची सवय असलेल्याला ते परकं वाटणार नाही) आणि मग ही ओळ. त्यानंतर तीच ओळ वेगवेगळ्या गतींत. हातावरचा ताल जराही न हलवता ओळ दुप्पट केली की एका आवर्तनात ती दोनदा बसते, चौपट केली की चारदा. निम्म्या गतीत तिला दोन आवर्तनं लागतात. याला अनुलोम म्हणतात.

कागदावर हे सोपं आहे. गोची होते ती उचलण्याच्या जागेवर. मूळ ओळ समेनंतर अर्ध्या अक्षरावर सुरू होत असेल, तर समेपासून मोजून दुप्पट करताना तेच अंतर पाव अक्षर होतं. चौपटीत त्याच्याही निम्मं. प्रत्येक गतीची सुरुवात अशी वेगळी साधावी लागते. इथे चुकणारे गायक दोन प्रकारचे. काही जण ओळ उरकतात आणि अरुदीचा शब्द टाळीच्या आधीच येऊन थांबतो. बाकीचे नकळत तालच पळवतात. दुसरी चूक जास्त सररास आणि जास्त फसवी, कारण श्रोत्यांना वाटतं रंग चढला. तपासायचं असेल तर मोबाइलवर वेळ लावा. पल्लवीच्या सुरुवातीचं एक आवर्तन मोजा, कल्पनास्वर (आयत्या वेळी रचलेल्या सरगमी) ऐन भरात आल्यावर पुन्हा एक मोजा. पट्टम्माळ यांच्याकडे लय अशी पुढे धावत नाही. अक्षरं दाट होतात, ठोका जागच्या जागी राहतो. याला तिकडे कालप्रमाण म्हणतात आणि माझ्या मते त्यांच्या पिढीतल्या भल्याभल्या पुरुष गायकांपेक्षाही ते त्यांना जास्त साधलं होतं.

पुरुषांचा उल्लेख मुद्दाम केला. त्यांचा जन्म १९१९ चा, कांचीपुरमचा. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बाईने मंचावर बसून गाणं हेच खपत नसे, आणि रागम-तानम-पल्लवी तर पुरुषांचंच काम मानलं जाई. पट्टम्माळ ती मैफलीत गाऊ लागल्या आणि 'पल्लवी पट्टम्माळ' हेच त्यांचं नाव पडलं. पालघाट मणी अय्यर गायिकांना मृदंगाची साथ करत नसत. पट्टम्माळ यांच्यासाठी त्यांनी तो नियम मोडला. पुढे दोन घरांत सोयरीकही झाली, आजची गायिका नित्यश्री महादेवन ही दोघांची नात. १९७० ला मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी, १९९८ ला पद्मविभूषण वगैरे सगळं रीतसर मिळालं. पण मणी अय्यरांनी मांडी ठोकून शेजारी बसणं हा मला त्याहून मोठा सन्मान वाटतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृती (म्हणजे बांधलेल्या रचना) त्या शिकल्या अंबी दीक्षितर आणि टी. एल. वेंकटराम अय्यर यांच्याकडे. अंबी हे सुब्बराम दीक्षितरांचे चिरंजीव, म्हणजे दीक्षितांच्या घराण्यातलेच. अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. (न्यायमूर्ती कृती शिकवतात, हे चेन्नईतच घडू शकतं.) 'अक्षयलिंगविभो' घ्या. राग शंकराभरणम, म्हणजे स्वर आपल्या बिलावलचे, ताल मिश्र चापू. चाल संथ, आणि मग मध्येच 'दक्षशिक्षण दक्षतर' अशी 'क्ष'ची रांग दुप्पट गतीत येते. ठोका तोच, अक्षरं दुप्पट, म्हणजे पल्लवीतलंच तत्त्व इथे रचनाकाराने आधीच बांधून ठेवलंय. कच्चा गायक इथे 'क्ष'चा 'च्छ' करतो, नाहीतर समास भलत्या जागी तोडून श्वास घेतो. पट्टम्माळ यांचा प्रत्येक 'क्ष' वेगळा ऐकू येतो आणि श्वास पद संपल्यावरच. संस्कृत स्तोत्रं पाठ असलेल्या मराठी माणसाला ही ओळ पहिल्या फटक्यात पकडता येईल.

निरवलमध्येही तेच. एकाच ओळीवर स्वरविस्तार करायचा, पण ओळीतली अक्षरं तालात जिथे पडली होती तिथेच पुन्हा पडली पाहिजेत. आपल्या बोलआलापात एवढी सक्ती नसते, म्हणून आपल्या कानाला ही शिस्त चटकन जाणवत नाही. हातावर ताल असेल तरच जाणवते.

उणं काय? आलापीत त्यांच्या काळातल्या गायिका एम. एल. वसंतकुमारी यांची चपळाई नाही, झरझर कोसळणाऱ्या ताना तर नाहीतच. वरच्या षड्जावर रेंगाळून टाळ्या घेणं त्यांच्या स्वभावात नाही. तोडी ऐकताना आणखी एक अडचण येईल. स्वर आपल्या भैरवीचे, पण कोमल गंधार स्थिर लागत नाही, रिषभ-मध्यमाच्या मध्ये हेलकावतो. तो बेसूर नव्हे, त्या रागाचा गंधार तसाच. पट्टम्माळ यांचा हेलकावा रुंद आणि सावकाश आहे, त्यामुळे नव्या कानाला तो उलट लवकर उमगतो.

सुरुवात पल्लवीपासून करू नका. आधी तमिळ कवी भारतीयारांची देशभक्तिपर गाणी ऐका, ती छोटी आहेत आणि आवाजाची ओळख होते. मग दीक्षितांची एखादी संथ कृती. त्यानंतर धाकटे बंधू डी. के. जयरामन यांच्याबरोबरचं सहगायन, दोन आवाज असल्याने ओळ नेमकी कुठे उचलली ते पटकन कळतं. पल्लवी सगळ्यात शेवटी. आणि तीत मृदंगाचं तनि आवर्तनम, म्हणजे एकट्याचं वादन, आलं की पुढे सरकवू नका. मृदंगवाला अंगठ्यापासून कोपरापर्यंत सगळा हिशेब मांडत असतो, तेवढा वेळ ताल गायिकेच्या हातावर असतो. त्याचा शेवटचा कोरवै (समारोपाचा बांधलेला बोलसमूह) तीनदा वाजून संपतो आणि पल्लवी पुन्हा उचलायची असते, समेवर नाही, त्या अर्ध्या अक्षरावर. तुमचा हात तोवर चुकला नसेल तर ती कुठे येते ते बघा.