समजूतदार

आज सकाळी विरजण मागायला शेजारी गेले, तेव्हा तिथे टोरांटोचा व्हिडिओ कॉल चालू होता. "बस्तान बसले की याला घेऊन जाऊ" असे सांगून मुलगा-सून दोघेही अडीच वर्षांपूर्वी गेले आणि सात वर्षांचा नातू अजून इथे बडोद्यात, दांडिया बाजारातच आहे. त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला होता, त्यामुळे आईला छताचा पंखाच दिसत असावा, आणि हा चित्राच्या वहीत मान घालून "हो", "जेवलो", "बरं" एवढेच म्हणत होता. आजी कौतुकाने म्हणाल्या, "किती समजूतदार झालाय! आधी फोन ठेवला की रडून घर डोक्यावर घ्यायचा, आता काही म्हणजे काही त्रास नाही." तेव्हापासून मी धुमसते आहे.

हा समजूतदारपणा मी स्वतः करून बसले आहे. मी चार वर्षांची असताना बाबा मस्कतला गेले आणि अकरा वर्षे तिथे राहिले. अधूनमधून त्यांच्या आवाजाची कॅसेट येई. खुशाली सांगून झाली की ते माझे नाव घेऊन "आता तू सांग" म्हणत आणि माझ्या उत्तरासाठी टेपवर थोडी जागा मोकळी सोडत. सुरुवातीला त्या खरखरीत मी शाळेतले सगळे सांगून टाकी; पुढे ती जागा आली की बटण दाबून टेप पुढे पळवू लागले, आणि माझेही असेच कौतुक झाले.

आई-वडिलांविना रुग्णालयात राहिलेल्या मुलांविषयी जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या बालमनाच्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकातच लिहून ठेवले आहे, की मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते. हा तिसरा टप्पाच मोठ्यांना 'मूल रुळले' असा वाटतो. (ती मुले शेजारच्या नातवाहून लहान होती, मान्य.) पण आपल्याला रुळलेलीच मुले हवी असतात. कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळला १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेऊन त्याचे सयाजीराव महाराज केले, ही गोष्ट आपण बडोदेकर किती अभिमानाने सांगतो. त्याला रात्री आईची आठवण येई का, हे शाळेत कुणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

मस्कतच्या पैशावरच आमचे घर उभे राहिले, हेही खरे. सगळीच मुले कोमेजत नाहीत. मायेचे माणूस जवळ असले आणि येण्याची सांगितलेली तारीख पाळली गेली, तर पुष्कळ सावरतात. शिवाय त्या आईवर तरी किती चिडायचे? आपले सकाळचे आठ म्हणजे तिचे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. दिवसभराचे काम उरकून ती पंख्याकडे बघत बसली होती आणि फोन तिने ठेवला नव्हता.

बाबा कायमचे परत आले, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवले आणि अगदी कॅसेटमधल्याच आवाजात म्हटले, "आता तू सांग." मी "काही नाही" म्हणाले आणि ताटे उचलायला उठले.