‘ओव्हरक्वालिफाइड’ हे मूळ कारण होऊ शकत नाही

ज्या कोणी ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द आपल्याकडच्या नोकरभरतीत आणून बसवला, त्याला एकदा ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि वर हेल्मेट घालून दुचाकीने मोशीमार्गे चाकणला पाठवावे, तळेगाव चौकात पाऊण तास कंटेनरच्या धुरात उभे करावे, आणि तिथे पोहोचल्यावर थंडगार खोलीत बसवून सांगावे की आपण आमच्यासाठी फारच मोठे आहात, या आता.

मुलाखतीला अकराची वेळ दिली होती. पावणेअकराला मी फाटकावर हजर होतो. सुरक्षारक्षकाने नोंदवही पुढे सरकवत अगदी आपुलकीने विचारले, “काका, उमेदवार कुठंय?” मीच उमेदवार आहे म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा वहीकडे पाहिले आणि ‘व्हिजिटर’ असे लिहिलेला बिल्ला माझ्या हातात ठेवला. त्याच्यावर माझा राग नाही. त्या दिवशी मनात आले ते तोंडावर बोलणारा तो एकटाच माणूस मला भेटला.

आत बोलावणे आले ते एक वाजून दहा मिनिटांनी. उशीर का झाला हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण बावीस महिन्यांच्या बेकारीत माणूस हे असले प्रश्न विचारायचे विसरतो. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी लॅपटॉपवरची नजर न काढता सुरुवात केली, “सर, तुमच्या प्रोफाइलमध्ये बावीस महिन्यांचा गॅप दिसतोय. या काळात तुम्ही काय केलंत?” काय केले? अहो, अर्ज केले! तुमच्यासारख्यांच्या संकेतस्थळांवर तोच रिझ्युमे आधी चढवला, आणि मग त्यातलीच सगळी माहिती खालच्या चौकटींत पुन्हा एकेक करून भरली, जन्मसाल निवडायला २००५ पासून खाली १९७१ पर्यंत बोट दुखेस्तोवर सरकवत नेले, आणि तीन सेकंदांत ‘आपण रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत’ असे पत्र आले तेव्हा ते कोणा माणसाने वाचले असेल का, याचा विचार करत बसलो. हे सगळे मी अर्थातच बोललो नाही. मी म्हणालो, “काही कौटुंबिक जबाबदाऱ्या होत्या.”

मग विभागप्रमुख आले. वय चौतीस-पस्तीस, वागायला सभ्य, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ. त्यांनी विचारले की एफएमईएमध्ये, म्हणजे कुठे काय बिघडू शकते याच्या आगाऊ तपासणीत, आरपीएन हा धोक्याचा आकडा किती आला की तुम्ही कारवाई करता. आता, हा प्रश्न मला विचारू नये. तीव्रता, वारंवारता आणि शोध या तीन आकड्यांचा गुणाकार करून हजारापैकी किती आले हे बघायची जुनी पद्धत अमेरिकन आणि जर्मन वाहनउद्योगाच्या संघटनांनी मिळून काढलेल्या २०१९ च्या हस्तपुस्तिकेने मोडीत काढली, आणि तिच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटीची (एपी), म्हणजे आधी कोणत्या दोषाकडे धावायचे हे सांगणारी तालिका आणली, कारण तीव्रता दहा असलेला जीवघेणा दोषसुद्धा गुणाकारात लहान दिसून सुटून जात असे. हे मी सांगितले. ते म्हणाले, “हो सर, पण आपल्याकडे शंभरच्या वर गेला की ॲक्शन घेतात.” आणि यानंतर, या संभाषणानंतर बरे का, त्याच माणसाने पुढे वाकून मला विचारले, “सर, तुम्हाला नवीन गोष्टींशी जुळवून घ्यायला जड नाही ना जाणार? आमची टीम यंग आहे. एनर्जी लेव्हल जरा वेगळी असते.”

संध्याकाळी बाईंचा फोन आला. सर, आपला अनुभव फारच चांगला आहे, पण या पदासाठी आपण ओव्हरक्वालिफाइड आहात.

मी चौतीस वर्षे गुणवत्ता विभागात काढली. पुरवठादाराकडून सदोष माल आला की त्याच्याकडून आठ पायऱ्यांचा अहवाल मागवायचा, आणि त्यातल्या चौथ्या पायरीवर, म्हणजे मूळ कारणाच्या रकान्यात, ‘कामगाराची चूक’ असे लिहून आले की अहवाल तसाच लाल शेरा मारून परत पाठवायचा, हे माझे रोजचे काम होते. कामगार चुकला, तर का चुकला? भाग पकडून ठेवणारे फिक्स्चर झिजले होते का? उजेड कमी होता का? पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय मूळ कारण सापडत नाही. तेव्हा बाई, तुमचा अहवालही परत. मी ओव्हरक्वालिफाइड असेन तर ते रिझ्युमे वाचतानाच दिसत होते, मग चाकणला कशाला बोलावलेत? वय जास्त आहे असे लिहा, त्यात लाजायचे काय? अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीनंतरच्या नोकरदाराला वयावरून डावलण्याविरुद्ध कायदा आहे, तिथल्या लोकांना आडून बोलावे लागते हे समजू शकतो. आपल्याकडच्या खासगी कंपन्या जाहिरातीतच ‘वय ३५ पर्यंत’ असे ठळक छापतात. मग तुम्हालाच नेमकी ही नाजूक भाषा कुठून सुचते?

आणि भाषेचाच विषय निघाला आहे तर ‘स्वेच्छानिवृत्ती’ या शब्दाचेही बघून घेतो. एका शुक्रवारी दुपारी चार वाजता मला केबिनमध्ये बोलावले गेले, टेबलावर माझे राजीनामापत्र टाइप करून तयार होते आणि त्यात माझ्या नावातले वेलांटी-उकार कधी नव्हे ते बरोबर होते. माझी स्वेच्छा एवढीच की सही निळ्या शाईने करायची की काळ्या. छाटणीची भरपाई मागावी तर आम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, आम्ही व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हणावे तर सहीचे पेनसुद्धा समोरच्याने दिलेले. कर्मचारी राज्य विमा योजनेतली बेकारीच्या काळातली मदत एकवीस हजारांच्या आतल्या पगारवाल्यांसाठी. भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन अठ्ठावन्नला, आणि आधी हवे असेल तर दर वर्षामागे चार टक्के कापून. तेही आयुष्यभर पगार कितीही घेतलेला असला तरी पंधरा हजारांची मर्यादा धरून मोजलेले. मी हिशेब करून पाहिला. त्यात वाण्याचे बिलही भागत नाही.

सरकारी नोकरीचे नाव तर काढूच नका. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस, पुढे दार बंद. खासदार व्हायला मात्र किमान पंचवीस वर्षे लागतात, कमाल वयाचा रकानाच नाही. पंचावन्नाव्या वर्षी माणूस तिथे ‘युवा नेतृत्व’ असतो, चौकाचौकांत त्याचे फलक लागतात, आणि त्याला एनर्जी लेव्हल विचारायची कोणाची छाती होत नाही.

नातेवाइकांचे तर वेगळेच. ‘तू कन्सल्टन्सी का नाही सुरू करत?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक भाऊजींकडून शंभर रुपये घेतले असते तर आतापर्यंत खरोखरच एक धंदा उभा राहिला असता. भोसरीपासून तळेगावपर्यंत पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक बेकार माणूस आज कन्सल्टंट आहे. आम्ही एकमेकांनाच व्हिजिटिंग कार्डे वाटतो.

आता इथे एक कबुली द्यायला हवी, कारण दोष नोंदवायचे तर सगळे नोंदवावेत. मुलाने सुचवले म्हणून मी रिझ्युमेमधून पदविका मिळाल्याचे साल, १९९०, काढून टाकले आहे. ज्या माणसाने तारीख नसलेला तपासणी अहवाल कधी हातात धरला नाही, त्याने स्वतःच्या आयुष्याच्या अहवालातली तारीख खोडली. याच मुलाने सांगितले म्हणून आदल्या रात्री केसांना कलप लावला होता. पाकिटावर तीस मिनिटे लिहिलेली असताना मी पक्का बसावा म्हणून पन्नास मिनिटे ठेवला, म्हणजे प्रक्रियेची मर्यादा मीच ओलांडली. पुढचे काम हेल्मेटने आणि घामाने केले. विभागप्रमुख अधूनमधून माझ्या डाव्या कानाकडे का पाहत होते हे घरी येऊन आरशात पाहिल्यावर कळले. कानामागून कॉलरपर्यंत एक काळा ओघळ गेला होता, आणि तो इस्त्रीचा शर्ट आता फरशी पुसायला गेला आहे. सौभाग्यवती हसल्या नाहीत, हे जास्त लागले.

आणि तो आरपीएनचा प्रश्न. त्यांनी प्रश्न एक विचारला होता, मी उत्तर बावीस मिनिटे दिले. उभा राहून. त्यांच्याच फळ्यावर, त्यांच्याच मार्करने. मध्ये एकदा ‘लिहून घ्या’ असेही म्हणालो, आणि बाईंनी खरोखरच काहीतरी लिहून घेतले. मी ओव्हरक्वालिफाइड आहे की नुसताच बडबड्या, हा प्रश्न त्या वहीत कदाचित वेगळ्या शब्दांत नोंदलेला असेल. पण तसे असेल तर तेच कळवा ना! बडबड्या म्हटल्याचे दुःख रात्रभर पुरते, सकाळी उठून माणूस पुढच्या ठिकाणी गप्प बसायचा प्रयत्न करतो. ओव्हरक्वालिफाइडचे काय करायचे? अनुभव कुठे परत करायचा?

काल रात्री साडेदहा वाजता अनोळखी क्रमांकावरून निरोप आला. विभागप्रमुखच होते. “नमस्कार सर, एचआरकडून नंबर घेतला. तुम्ही बोर्डवर सांगितलेलं ते एपीचं टेबल मराठीत सोपं करून कुठे मिळेल का? पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे.” खाली हात जोडल्याचे चित्र.

मी उत्तर दिलेले नाही आणि देणारही नाही. इतका स्वाभिमान अजून शिल्लक आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्या पर्यवेक्षकांसाठी मी नेमकी तशीच एक मराठी तालिका तयार केली होती, ती जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे का एवढेच फक्त पाहायला फाइल उघडली, तर तिसऱ्या रकान्यात एका ठिकाणी ‘मध्यम’च्या जागी ‘उच्च’ पडलेले दिसले. ते तेवढे दुरुस्त करून ठेवले आहे.