आडनाव सांगा, मग फ्लॅट दाखवतो

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या जागांवरून जुंपली आहे. मुंबईत मराठी माणसाला घर नाकारतात, ही तक्रार जुनीच. २०२३मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा ती पुन्हा उसळली. मग पार्ल्यातून मागणी आली, की नव्या इमारतींतली निम्मी घरं मराठी माणसांसाठी राखून ठेवा. परवा ग्रुपवर सगळ्यांनी एकमुखाने तिला पाठिंबा दिला. त्याखालीच पुण्यातल्या भाच्याने लिहिलं, की त्याच्या मुसलमान सहकाऱ्याला कोथरूडमध्ये भाड्याने जागा मिळत नाहीये. एजंट आधी आडनाव विचारतो आणि मग फोन उचलत नाही. त्यावर आमच्या काकांचं उत्तर: "घर ज्याचं, मर्जी त्याची."

मी कॅलिफोर्नियात राहतो, आणि काकांचं हे वाक्य इथे साठ वर्षांपूर्वी मतदानाला लागलं होतं. १९६३मध्ये या राज्याने वंश-धर्म पाहून घर नाकारायला बंदी करणारा कायदा केला. इस्टेट एजंटांच्या संघटनेने पुढाकार घेऊन १९६४च्या निवडणुकीत त्याविरुद्ध 'प्रपोझिशन १४' हा जनमताचा प्रस्ताव आणला: घर कोणाला द्यायचं हा मालकाचा संपूर्ण हक्क. सुमारे ६५ टक्के मतं बाजूने पडली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंडन जॉन्सनना दणदणीत मतांनी निवडून दिलं. चारच महिन्यांपूर्वी, हॉटेलांसारख्या ठिकाणी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही करणारे ते हेच जॉन्सन. म्हणजे कृष्णवर्णीय माणूस हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसलेला चालेल, शेजारच्या घरात नको. प्रपोझिशन १४ पुढे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये रद्द ठरवलं.

माझं घर चाळीसच्या दशकातलं, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बे भागातलं. खरेदीच्या कागदांत जुन्या वसाहतीच्या अटींची एक प्रत आली. कोंबड्या पाळू नयेत, कुंपण अमुक उंचीचं असावं, आणि त्यांच्याच रांगेत एक कलम: कॉकेशियन वंशाखेरीज कोणी इथे राहू नये, घरकामाचे नोकर वगळून. प्रतीवर आजच्या नियमाप्रमाणे सूचना जोडलेली होती, की अशी अट असल्यास ती बेकायदा आणि रद्दबातल आहे. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निकाल १९४८मध्येच लागला होता, पण जुने दस्त राहिलेच. आपण यात कुठे बसलो असतो? १९२३मध्ये भारतातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांनी इथल्या सर्वोच्च न्यायालयात आपण उच्च जातीचे आर्य, म्हणून कॉकेशियन आणि गोरे, म्हणून नागरिकत्वाला पात्र, असा दावा केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. तेव्हा या घरात मी राहू शकलो असतो तो धुणीभांडी करायलाच. ग्रुपवर हे लिहिलं तर काकांनी फक्त अंगठा दाखवला.

घर नाकारण्याविरुद्ध देशभराचा कायदा व्हायला १९६८ उजाडलं. जॉन्सन यांचं १९६६चं विधेयक सिनेटमध्येच अडकलं. त्याच उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घरांसाठी मोर्चा घेऊन गेले आणि त्यांच्या डोक्यात दगड बसला. इतका द्वेषाने पेटलेला जमाव मिसिसिपीत आणि अलाबामातही पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. दोन वर्षांनी एडवर्ड ब्रूक आणि वॉल्टर माँडेल या सिनेटरांनी पुन्हा जोर लावला. ब्रूक सिनेटमधले एकमेव कृष्णवर्णीय. महायुद्धातून परतल्यावर कुटुंबासाठी मनासारखं घर मिळालं नाही, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. सिनेटने मार्चमध्ये मंजुरी दिली, प्रतिनिधीगृहात गाडं अडलं. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. १० एप्रिलला तिथेही मंजुरी, ११ला सही.

आणि कायदा बोथट होता! तक्रार आली तर सरकारी खात्याने समेटाचा प्रयत्न करायचा, पलीकडे फारसं काही नाही. धार आली ती १९८८च्या दुरुस्तीने. आजही इथे टेकडीवरची आणि सपाटीवरची वस्ती वंशानुसार वेगळी दिसते, ती पाहिली की कायद्याचा आवाका किती तोकडा ते कळतं. तेव्हा अमेरिका आदर्श, असं मला म्हणायचं नाही.

पण एक तरतूद मला फार आवडते. मालक स्वतः राहत असलेल्या, चार घरांपर्यंतच्या छोट्या इमारतीला कायद्यातून बरीच सूट आहे. गंमतीने तिला 'मिसेस मर्फी'ची सूट म्हणतात. मात्र त्या मर्फीबाईंनाही 'फक्त अमक्यांना' अशी जाहिरात देता येत नाही. आपल्याकडच्या जाहिराती आठवा: 'ओन्ली व्हेज', 'फक्त आमच्या समाजासाठी'. राज्यघटनेच्या कलम १५मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव आहेत. राहतं खासगी घर नाही. उलट २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा दिली.

म्हणून पार्ल्याची मागणी मला पटत नाही. दुखणं खरं आहे, पण त्या उपायात आडनाव विचारणं तसंच राहतं, फक्त बरोबर उत्तर बदलतं. त्यापेक्षा विचारायलाच बंदी करणारा कायदा मागावा. तो मुलुंडच्या बाईंना लागू होईल, भाच्याच्या मित्राला होईल, दलित कुटुंबाला होईल, एकट्या राहणाऱ्या मुलीलाही होईल. अमेरिकी कायद्याची नक्कल मात्र पुरणार नाही. त्याच्या यादीत आहार नाही, आणि आपल्याकडे जात-धर्म गाळायची चाळणी बहुतेकदा 'व्हेज ना?' हीच असते. ते कलम आपल्यालाच लिहावं लागेल.

सिद्ध कसं करणार, असं काकांनी विचारलं. इथल्या संस्था त्यासाठी जोड्या पाठवतात. पगार सारखा, कागदपत्रं सारखी, वंश वेगळा. एकाला घर दाखवलं आणि दुसऱ्याला 'गेलं' म्हणून सांगितलं, की दावा दाखल. अशा तपासनीसालाही दावा करायचा हक्क आहे, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये मान्य केलं. पुण्यात हे करायला भाचा आणि त्याचा मित्र आजही पुरेसे आहेत. एकाच एजंटला दोघांनी फोन करायचा. त्यातून भेदभाव उघड झाला तरी दाद कुठे मागायची, ते सध्या कुठल्याही कायद्यात धड नाही.