मात्रेला फ्रेम्स पावणेएकोणीस

गाण्याच्या प्रारंभिक परीक्षेला बसलेली पोरं घरी रियाज करत नाहीत, म्हणून मी व्हिडिओ करायला घेतला. भूप रागातली छोटी बंदिश, खाली त्रितालाचे सोळा मात्रांचे, म्हणजे ठोक्यांचे, बोल आणि मात्रेमात्रेवर उड्या मारत जाणारं लाल टिंब. "मावशी, अर्ध्या तासाचं काम," असं म्हणून भाचा सॉफ्टवेअर टाकून खेळायला पळाला.

'धा धिं धिं धा' टाइप केलं, तर वेलांटी ध ला सोडून शेजाऱ्याकडे नांदायला गेली. तीनदा समजूत घातली. शेवटी बोल कागदावर लिहिले आणि त्याचा फोटोच चिकटवला.

मग टिंब. लय मिनिटाला 80 मात्रांची, म्हणजे मात्रेला पाऊण सेकंद. व्हिडिओत सेकंदाला फ्रेम्स, म्हणजे स्थिर चित्रं, 25. म्हणजे एका मात्रेला पावणेएकोणीस! पाव फ्रेम काही कापता येईना, म्हणून मी सढळ हाताने 19 दिल्या. भाजीवालीही एवढं वरकड घालतेच की. पण सोळा मात्रांच्या एका फेऱ्यामागे, म्हणजे आवर्तनामागे, चार फ्रेम्स वाढल्या, आणि दहा आवर्तनं होईतो तबला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अन् टिंब आधीच्या आवर्तनातल्या चौदाव्या मात्रेवर रेंगाळलेलं. वर्गात एखाद्याची सम चुकली की मी डोळे वटारते. टिंबाला कुठून वटारू?

भाच्याने रात्री जेवता जेवता तोडगा काढला: "लय 75 कर. मात्रेला बरोबर वीस फ्रेम्स." लय गाणाऱ्याने ठरवायची असते, हे मी वीस वर्षं शिकवतेय. दुसऱ्या दिवशी 75 ला मुकाट्याने परत गायले.

गाणं रंगात आलं आणि शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. तीही निषादाच्या जवळपास. भूपात मध्यम आणि निषाद हे सूर वर्ज्य, पण कुकरला कोण सांगणार? शिवाय डोक्यावर पंख्याची घरघर होतीच. भाचा म्हणाला, नॉइज काढायचं बटण आहे. दाबलं. पंखा गेला, वा! कान देऊन ऐकलं, तर तानपुराही गेलेला. सतत एकसारखा वाजतो तो गोंगाट, असा त्या सॉफ्टवेअरचा हिशेब. आणि कुकर? तो अवचित आला, एकदाच वाजला, म्हणून कलाकारात मोडला. शिट्टी जशीच्या तशी.

तोवर रात्रीचे दीड वाजले होते. म्हटलं, जाऊ दे, पाठवून टाकू.

चार दिवसांनी वर्गात सगळ्यात धाकट्या मुलीला अंतरा म्हणायला सांगितला. समेवर अचूक आली, टिंबाची कृपा. मला भरून आलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मात्र ती थबकली आणि विचारू लागली,

"ताई, इथली शिट्टी तोंडानेच वाजवायची ना?"