महागडं स्प्रिंगफॉर्मही गळतं

आमच्या रत्नागिरीत केक करणाऱ्या बायकांमध्ये सध्या स्प्रिंगफॉर्मबद्दल, म्हणजे सुटा तळ आणि खटक्यानं उघडणारं कडं असलेल्या केकच्या भांड्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: “एक चांगलं स्प्रिंगफॉर्म भांडं घ्या आणि बाकीचे केकटिन काढून टाका. महागडं भांडं गळत नाही. नॉनस्टिक असल्यामुळे तूप-कागद लागत नाही. केक ओव्हनमधून काढला की लगेच खटका उघडा. आठ इंची असो की नऊ इंची, प्रमाण तेच.” शेजारच्या वहिनींनी हे वाचून दोन जुने टिन भंगारात काढले, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक आहे ते न गळण्याचं आश्वासन. स्प्रिंगफॉर्मचा तळ सुटा असतो. कडं आवळलं की तो खोबणीत बसतो, पण ती फट काही झाळलेली नसते. किंमत जास्त असेल तर फट बारीक असेल, इतकंच. घरी आणल्यावर आधी पाणी भरून सिंकमध्ये दहा मिनिटं ठेवून बघा. घट्ट चीजकेकचं मिश्रण सहसा तग धरतं. पातळ मिश्रण आणि वितळलेलं लोणी वाट काढतंच. वहिनींनी त्यात धोंडस, म्हणजे तवशाचा (मोठ्या काकडीचा) गोड केक, लावलं होतं. तवशाचं पाणी आणि गूळ, रवा फुगायच्या आधीच ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) खालच्या कॉइलवर ठिबकले आणि घरभर धूर झाला. मुळात धोंडसाला हे भांडं हवं कशाला? खाली चूल आणि झाकणीवर निखारे ठेवून ते भाजायचे तेव्हाही वड्या भांड्यातच पाडत. वाफवलेल्या सांदणाचंही तसंच, वाफेचं पाणी फटीतून आत शिरतं.

स्प्रिंगफॉर्म खरं कामाचं आहे ते उलटं करता येत नाही अशा पदार्थांना: हापूसचा चीजकेक, मूसचे (फेसाळ गोड क्रीमचे) थर, वर काजूचा चुरा लावलेला केक. साधा स्पंज साध्या टिनमधून सुरेख निघतो.

चीजकेक गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजायचा असेल तर भांड्याला बाहेरून रुंद फॉइलचे दोन थर गुंडाळा. मध्ये जोड नको. मी याहून सोपं करते. स्प्रिंगफॉर्म थोड्या मोठ्या कोरड्या टिनमध्ये ठेवते आणि तो टिन पाण्यात. पाणी भांड्याला लागतच नाही. बाकी काहीही भाजताना खाली ट्रे हवाच.

गरम असतानाच खटका उघडण्याचा सल्ला चीजकेकची वाट लावतो. मधला भाग तेव्हा थरथरत असतो, कड्याचा आधार गेला की बाजू फुगून फाटतात. ओव्हनमधून काढल्यावर कडेनं पातळ प्लास्टिकची सुरी फिरवा, म्हणजे थंड होताना आक्रसणारा चीजकेक कड्याला चिकटून तडकत नाही. खटका मात्र रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावरच. स्पंजला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

नॉनस्टिक असलं तरी तळाला बटर पेपर लावाच, कारण चिकटलेला केक सोडवायला भांड्यावर धातूची सुरी चालवली की नॉनस्टिकचा लेप गेलाच. तळाला उंच काठ असेल तर तो उलटा बसवा, केक ताटात सरकवणं सोपं जातं.

मापाचं साधं गणित: आठ इंची तळ साधारण ५० चौरस इंचांचा, नऊ इंची ६४ चौरस इंचांचा. म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्त. आठचं मिश्रण नऊमध्ये ओतलं तर केक चपटा होतो आणि नेहमीच्या वेळात करपतो किंवा कोरडा पडतो. लहान ओटीजी असेल तर बाहेर आलेल्या खटक्यासकट माप घ्या.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाची. खारी हवा पोलादाला सोडत नाही, आणि गंज आधी धरतो तो खोबणीत आणि खटक्याच्या तारेवर. धुतल्यावर कडं आणि तळ वेगळे करा, पुसा, आणि बंद केलेल्या ओटीजीच्या उरलेल्या उबेत वाळवा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. नवीन घेणार असाल तर मी ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमचं सुचवेन.

वहिनींचे दोन्ही टिन परत फळीवर आलेत. पुढचं धोंडस त्यातल्या खोलगट टिनमध्ये लावायचं ठरलंय.